बातमीत नर्स दिसते, बोलत नाही

12 मे, म्हणजे परिचारिका दिन, जवळ आला की आपल्याकडे एक ठरलेला वाद सुरू होतो. नर्सेस आणि त्यांच्या संघटना म्हणतात की मीडिया आमची फक्त बदनामी करतो, बाळांची अदलाबदल झाली, चुकीचं इंजेक्शन दिलं गेलं, पेशंट दगावला की पहिला फोटो आमचा. पत्रकार मंडळी आणि बरेचसे वाचक म्हणतात की अहो, कोविडमध्ये तुम्हाला देवदूत कोण म्हणालं, पानंच्या पानं कौतुक कुणी छापलं, आणि एकदा सिव्हिलला जाऊन बघा म्हणजे अशा बातम्या का येतात ते कळेल. मग दोन्हीकडून कात्रणं निघतात, किती चांगलं छापलं आणि किती वाईट छापलं याचा हिशोब मांडला जातो आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत विषय बंद. मला या वादाचा पायाच चुकलेला वाटतो. उद्या सगळ्या पेपरांनी नर्सबद्दल फक्त गोड गोड छापायचं ठरवलं तरी परिस्थितीत काडीचाही फरक पडणार नाही, कारण दुखणं वेगळंच आहे. बातमीत नर्सचा फोटो असतो, तिच्यावर आरोप असतो, तिच्यावर कविता असते, पण वॉर्डात नेमकं काय चालतं हे माहीत असलेलं माणूस म्हणून तिला कुणी काही विचारत नाही. आणि माझं स्पष्ट मत असं आहे की याचा फटका नर्सपेक्षा पेशंटला जास्त बसतो.

जरा विचार करा, हॉस्पिटलात डॉक्टर राउंडला येतो, बघतो, ऑर्डर लिहितो आणि पुढच्या वॉर्डात जातो, ही टीका नाही, कामाची रचनाच तशी आहे. बाकीचा सगळा वेळ पेशंटजवळ असते ती नर्स. कुठलं सक्शन मशीन बंद पडलंय आणि ते दुरुस्त करा म्हणून कितीदा कळवलं, कुठलं औषध इंडेंट करून, म्हणजे स्टोअरकडून मागवून, किती दिवस झाले, रात्री बोलावलं तर डॉक्टर प्रत्यक्ष येतो की फोनवरच ऑर्डर देतो, हे सगळं तिला पाठ असतं आणि पाठ नसलं तर रिपोर्ट बुकात तिच्या हातचं वेळेसकट लिहिलेलं असतं. सरकारी हॉस्पिटलात आत काय चाललंय ते शोधायला निघालेल्या पत्रकाराला याहून चांगला सोर्स कुठे मिळणार? पण बातमी वाचा. डीन काय म्हणाले, सिव्हिल सर्जन काय म्हणाले, पालकमंत्री काय म्हणाले, नातेवाइकांचा आक्रोश, डॉक्टरांच्या संघटनेची प्रतिक्रिया, झाली बातमी.

अमेरिकेत हे मोजून झालंय. तिथे 1997 साली वुडहल नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात वर्तमानपत्रं आणि मासिकांतल्या आरोग्याच्या बातम्या तपासल्या तेव्हा नर्सचा हवाला जेमतेम 4 टक्के ठिकाणी सापडला. वीस वर्षांनी, 2017 मधल्या बातम्या घेऊन तेच काम पुन्हा केलं, तर आकडा वाढायच्या ऐवजी 2 टक्क्यांवर घसरलेला. म्हणजे मधल्या काळात तिथल्या नर्सेस पीएचडी झाल्या, प्रिस्क्रिप्शन लिहायला लागल्या, मोठमोठी हॉस्पिटलं चालवायला लागल्या, आणि पेपरात मात्र आणखी गप्प झाल्या. पत्रकारांना याचं कारण विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की हॉस्पिटलचे पीआरवाले नर्सला पुढे करत नाहीत आणि नर्सचं म्हणणं घेतलं तर संपादकाला त्याचं कारण द्यावं लागतं. आपल्याकडचा अंदाज घ्यायला एवढ्या अभ्यासाचीही गरज नाही, हातातला पेपर उघडा आणि आरोग्याच्या बातम्यांत नर्सचं एक तरी वाक्य शोधा.

आता या गप्प असण्याचा परिणाम काय होतो ते 2021 च्या दोन घटनांत बघा. 9 जानेवारीला मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला (एसएनसीयू) आग लागली, 10 बाळं गेली, 7 वाचवता आली. पहिल्या दिवशीच्या बातम्यांत होतं की धूर सगळ्यात आधी ड्युटीवरच्या नर्सला दिसला. फेब्रुवारीत दोन नर्सेसवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. मग 6 नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडचा आयसीयू पेटला, त्याच दिवशी 11 पेशंट गेले आणि तीन दिवसांत अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन नर्सेसना. कुणाची किती चूक ते कोर्टाने ठरवायचं, मी इथे कुणालाही क्लीन चिट देत नाही. काही बातमीदारांनी फायर ऑडिटचा पाठपुरावा चिकाटीने केला हेही मला मान्य आहे. पण त्या रात्री त्या युनिटमध्ये किती नर्स होत्या, एकेकीकडे किती बाळं होती, तिला अग्निशामक सिलिंडर चालवायचं ट्रेनिंग कुणी कधी दिलं होतं का, मॉक ड्रिल झालं होतं का, मशीनबद्दल किंवा वायरिंगबद्दल वॉर्डातून आधी काही लेखी तक्रार गेली होती का, हे प्रश्न पहिल्या दिवसापासून हेडलाइनमध्ये असायला हवे होते. त्याऐवजी ठळक अक्षरात आलं ते ‘नर्सवर गुन्हा’, आणि वाचकाच्या डोक्यात विषय तिथेच मिटला.

रेल्वेच्या बाबतीत आपण असं करत नाही. 2 जून 2023 ला ओडिशात बालासोरजवळ भीषण अपघात झाला, तेव्हा चार-पाच दिवसांत गावातल्या चहाच्या टपरीवरसुद्धा लोक इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगबद्दल बोलत होते. सिग्नल कसा मिळतो, लूप लाइन म्हणजे काय, वायरिंगची दुरुस्ती कशी होते, सगळं चित्रं काढून सांगितलं गेलं. लोको पायलटला झोडपून कुणी विषय संपवला नाही, आणि शेवटी रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोष निघाला तो सिग्नलच्या वायरिंगमधल्या चुकांचाच. मग हॉस्पिटलात दहा बाळं जातात तेव्हा नर्स आणि पेशंटचं प्रमाण किती असावं हे साधं गणित महाराष्ट्रातल्या किती वाचकांपर्यंत पोचलं? जनरल वॉर्डात सहा पेशंटमागे एक नर्स आणि आयसीयूत एका पेशंटला एक, हे आपल्याकडचे कागदावरचे निकष आहेत. हे किती लोकांना माहितीये?

आणि हे निकष नर्सच्या आरामासाठी काढलेत असा गैरसमज असेल तर तो आधी काढून टाका. 2002 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या 168 हॉस्पिटलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की ऑपरेशन झालेल्या पेशंटांमध्ये, एका नर्सकडे एक पेशंट वाढला की 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते. 2014 साली युरोपातल्या 9 देशांची माहिती घेऊन लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला, पुन्हा तेच, 7 टक्के. कॅलिफोर्नियाने त्याच्याही आधी, 1999 मध्ये कायदा करून एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट असू शकतात ते बांधून दिलं आणि 2004 पासून ते अमलात आणलं. म्हणजे वॉर्डात नर्स किती आहेत हा आकडा औषधांच्या तुटवड्याइतकाच जीवन-मरणाचा आहे. औषधं संपली की बातमी होते. नर्स अर्ध्या असल्या की होत नाही, झालीच तर आतल्या पानावर ‘रिक्त पदे’ म्हणून चार ओळी.

माझी मावशी जिल्ह्याच्या एका सरकारी हॉस्पिटलात इन्चार्ज सिस्टर होती. घरी आली की ती पेशंटबद्दल फार बोलायची नाही, आकडे बोलायची. “चाळीस बेड, अठ्ठावन्न पेशंट, खाली गाद्या टाकल्यात, नाइटला एक सिस्टर आणि एक स्टुडंट.” लहानपणी आम्हाला त्यातलं काही कळायचं नाही. आता ते गणित मांडून बघतो तेव्हा कळतं. एका पेशंटला अँटिबायोटिक द्यायचं म्हणजे केसपेपर बघायचा, व्हायलमध्ये डिस्टिल्ड वॉटर सोडायचं, पावडर पूर्ण विरघळेपर्यंत हलवायची, शिरेतली सुई चालू आहे की सुजलीये ते बघायचं, औषध सावकाश सोडायचं, वेळ लिहून सही करायची. घाई न करता चार मिनिटं धरा. अठ्ठावन्नातल्या तीसच जणांना इंजेक्शन आहे असं समजा, तरी दोन तास गेले, आणि या दोन तासात कुणाला धाप लागायला नको, कुणाचं सलाइन संपायला नको, नवीन ॲडमिशन यायला नको. अशा वेळी कोपऱ्यातल्या बेडवरचा नातेवाईक तिसऱ्यांदा हाक मारतो आणि सिस्टर वसकन अंगावर जाते. तो मोबाईल काढतो. त्या व्हिडिओत सिस्टरचं वसकणं येतं, तीस इंजेक्शनं येत नाहीत.

आता कौतुकाकडे वळतो, कारण नर्सच्या बाजूचे लोकसुद्धा इथेच फसतात. त्यांना वाटतं, बदनामीवर उपाय म्हणजे कौतुक. याची सुरुवात थेट फ्लोरेन्स नाइटिंगेलपासून आहे. क्रिमियाच्या युद्धात, 1855 मध्ये, लंडनच्या टाइम्सने हातात छोटा दिवा घेऊन रात्री एकटीच सैनिकांच्या रांगांतून फिरणारी ‘देवदूत’ छापली, चित्रांच्या साप्ताहिकांनी तिला चित्रात आणलं आणि ती प्रतिमा आजही आपल्या नर्सिंग कॉलेजांच्या शपथविधीत मेणबत्ती होऊन जळते. पण या बाईने त्यानंतर केलेलं काम काय होतं? तिने आकडे गोळा केले, सैनिक जखमांपेक्षा घाणीने आणि संसर्गाने जास्त मरतात हे 1858 मध्ये रंगीत आकृत्या काढून सरकारच्या तोंडावर मांडलं, लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीत निवडून आलेली ती पहिली बाई. पुढे कित्येक वर्षं हिंदुस्थानातल्या छावण्यांची आणि गावांची स्वच्छता हा तिचा ध्यास होता, आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीसुद्धा तिचा पत्रव्यवहार होता. हे किती शाळकरी मुलांना सांगितलं जातं? दिवा लक्षात राहिला, तक्ते विसरले गेले. ज्या बाईने सरकारला आकड्यांत पकडलं तिला पेपरवाल्यांनी दयेची मूर्ती करून टाकलं, आणि मूर्तीला कुणी प्रश्न विचारत नाही.

इथे कौतुकाची बाजू घेणाऱ्यांचा एक मुद्दा फार वजनदार आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो. आपल्या समाजात नर्सिंगला मान नव्हता. परक्या पुरुषाचं अंग पुसणं, मलमूत्र काढणं, रात्रपाळी करणं, हे घरंदाज बाईचं काम नाही असंच सगळे धरून चालायचे, त्यात जात होती, सोवळं होतं, संशय होता. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता गेल्या तेव्हा लोक प्लेगच्या माणसाला हात लावायला तयार नव्हते. 1909 मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि बायकांना नर्सिंग शिकायला ससूनमध्ये पाठवलं, तेव्हा त्यांना किती टोमणे आणि किती विरोध सहन करावा लागला असेल त्याची आज कल्पना येत नाही. त्या काळात ‘ही पवित्र सेवा आहे’ असं म्हटल्याशिवाय एकाही घरातून मुलगी बाहेर पडली नसती. म्हणजे गौरवाची ती भाषा खोटी नव्हती, ती त्या बायकांची ढाल होती. पण शंभर वर्षांनंतर तीच ढाल मालकांच्या हातात गेली आहे. पगार मागितला की सेवा आठवते, सुट्टी मागितली की सेवा आठवते, संपाचं नाव काढलं की सेवा आणि मेस्मा (अत्यावश्यक सेवेतला संप रोखणारा कायदा) दोन्ही आठवतात.

22 मार्च 2020 ला आपण थाळ्या वाजवल्या, 3 मे ला हेलिकॉप्टरमधून हॉस्पिटलांवर फुलं पडली, ते फोटो सगळ्यांनी पहिल्या पानावर घेतले आणि ते घ्यायलाच हवे होते, त्या दिवसांत लोकांनाही धीर हवा होता. पण याच दोन तारखांच्या मधे, एप्रिलमध्ये, मुंबईतल्या एका खासगी हॉस्पिटलात 26 नर्सेसना लागण झाली, आणि तिथल्या संरक्षणाच्या साधनांबद्दल, होस्टेलमधल्या गर्दीबद्दल नर्सेसची संघटना बोलली म्हणून काहीतरी बाहेर आलं. ती बातमी माझ्या मते त्या महिन्यातली सगळ्यात उपयोगी नर्सिंगची बातमी होती, कारण ती वाचून दुसऱ्या हॉस्पिटलांत निदान कुणीतरी विचारलं असेल की आपल्याकडे काय व्यवस्था आहे. फुलांच्या फोटोने एक मास्कही जास्तीचा आला नाही.

पगाराचंही तेच. खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सेसच्या पगाराचा विषय सुप्रीम कोर्टात गेला, जानेवारी 2016 मध्ये कोर्टाने समिती नेमायला सांगितली, त्या समितीने सांगितलं की 50 पेक्षा कमी बेडच्या हॉस्पिटलातही नर्सला महिना किमान 20 हजार द्या आणि 200 पेक्षा जास्त बेड असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार द्या. एखाद्या तालुक्याच्या गावातल्या नर्सिंग होममध्ये जाऊन तिथल्या मुलीला पगार विचारा, ती आधी इकडे तिकडे बघेल आणि मग सांगेल. ही बातमी करायला कुठलाही गुप्त कागद लागत नाही. 2014 मध्ये इराकमधल्या तिक्रितहून 46 भारतीय नर्सेस सुखरूप परत आल्या तेव्हा विमानतळावर कॅमेऱ्यांची झुंबड होती, पण गोळीबार चालू असतानाही त्यांच्यातल्या अनेकींना परत यायची धास्ती का वाटत होती, हे कमी ठिकाणी आलं. डोक्यावर कर्ज होतं, तिथला पगार थकला होता आणि इथे परत येऊन तो कर्जाचा हप्ता भरता येईल एवढा पगार मिळणार नव्हता. सुटकेची गोष्ट सगळ्यांना हवी होती, त्यामागचं अर्थकारण नको होतं.

या सगळ्याचं सगळ्यात बोचणारं उदाहरण म्हणजे मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातली नर्स अरुणा शानबाग. 27 नोव्हेंबर 1973 ला केईएममध्ये, स्वतःच्या कामाच्या जागी तिच्यावर वॉर्डबॉयने हल्ला केला आणि 18 मे 2015 पर्यंत, जवळपास 42 वर्षं, ती त्याच हॉस्पिटलच्या बेडवर होती. मार्च 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने तिच्या दयामरणाची मागणी फेटाळली तेव्हा चॅनेलवर रात्र रात्र चर्चा झाल्या, वकील होते, डॉक्टर होते, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. आणि केईएमच्या नर्सेस? त्या पेढे वाटताना दाखवल्या. भावनाप्रधान, हळव्या, एका मैत्रिणीला कवटाळून बसलेल्या बायका, असाच एकूण सूर. दयामरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दाही मी हलका मानत नाही, अशा अवस्थेत माणसाला जगवत ठेवावं का हा प्रश्न खराच अवघड आहे. पण इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या पेशंटला बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झाला नाही, हे कोर्टाने निकालात मुद्दाम नोंदवलं. ज्याने घरात एखादं म्हातारं माणूस महिनाभर अंथरुणावर सांभाळलंय त्याला कळेल हे काय आहे. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, पाठ-कंबर-टाचा बघायच्या, कातडी कोरडी ठेवायची, भरवायचं, तेही पिढ्या बदलल्या तरी न चुकता. हे नुसतं प्रेम नाही, हे कसब आहे, याची शिस्त आहे, याचं शास्त्र आहे. त्या चर्चांमध्ये एका इन्चार्ज सिस्टरला बसवून ‘तुम्ही हे कसं केलंत, आणि अरुणा तुम्हाला कसा प्रतिसाद देते’ असं सविस्तर विचारलं असतं तर देशाचं शिक्षण झालं असतं.

आणि एवढ्यावर ते थांबलं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलातल्या डॉक्टर मुलीवर झालेल्या भयंकर अत्याचारानंतर सुप्रीम कोर्टाने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय टास्क फोर्स नेमला. सुनावणीत अरुणा शानबागचा उल्लेख झाला. टास्क फोर्सवर नावानिशी नेमलेले सगळे सदस्य मात्र डॉक्टर होते आणि बाकीचे पदसिद्ध अधिकारी, नर्स एकही नाही. हॉस्पिटलात रात्रपाळीला सगळ्यात जास्त संख्येने असणाऱ्या बायका नर्सच असतात हे सांगायला अभ्यास लागतो का? नर्सेसच्या संघटनांनी यावर हरकत घेतली, पण किती चॅनेलवर चर्चा झाली? ज्यांचा आवाज रोजच्या बातमीत नसतो त्यांची आठवण समिती नेमताना तरी कुणाला कशी येणार.

आता मला नेहमी ऐकवलं जातं ते उत्तर. “अहो, पण नर्स खरंच उद्धट असतात, लेबर रूममध्ये बायकांना शिव्या घालतात, तुम्ही त्यांची वकिली का करता?” असतात. मी ते नाकारणार नाही, लेबर रूममध्ये कळा देणाऱ्या बाईला घाणेरडं बोलणं, थोबाडीत मारणं हे आपल्याकडे घडतं, गरीब आणि खालच्या मानलेल्या जातीतल्या बायकांच्या वाट्याला जास्त येतं, आणि केंद्र सरकारला 2017 मध्ये ‘लक्ष्य’ कार्यक्रम आणून त्यात बाळंतिणीला सन्मानाने वागवा हे लिहून घालावं लागलं यातच सगळं आलं. याला कामाचा ताण हे निमित्त पुरत नाही. पण मला सांगा, या शिव्यांची बातमी कधी येते? बाई दगावली तर. रोज चालणाऱ्या अपमानावर, तो का चालतो, नवीन आलेली मुलगी सहा महिन्यांत तशी का बोलायला लागते, तिला थांबवणारी सीनियर का नाही, यावर कुणी आतून लिहिलंय? ते आतून सांगू शकणारी माणसं पुन्हा नर्सेसच आहेत, ज्यांना हे आवडत नाही अशा नर्सेस प्रत्येक लेबर रूममध्ये असतात. म्हणजे नर्सवर कठोर टीका करायची असली तरीही तिला विचारल्याशिवाय ती धड करता येत नाही.

आणि टीका करताना ती नक्की कुणावर करतोय हे तरी तपासावं. एएनएम (सहायक नर्स), जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा झालेली), बीएससी झालेली नर्स, शिकाऊ मुलगी आणि वॉर्डातल्या मावशी, पेपरात सगळ्या एकजात ‘नर्स’. जीएनएमला तीन वर्षं लागतात, बीएससीला चार, मग नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. कितीतरी छोट्या हॉस्पिटलांत बारावी झालेल्या किंवा न झालेल्या मुलीला पांढरा ड्रेस घालून उभं केलं जातं, कारण ती स्वस्त पडते. तिच्या हातून चुकीचं इंजेक्शन गेलं की ‘नर्सचा हलगर्जीपणा’ अशी हेडलाइन लागते आणि जो मालक तिला सुई हातात देऊन पैसे वाचवत होता तो बातमीतून सुटतो. एक प्रश्न विचारायचा होता, हिचा नोंदणी क्रमांक काय? गाडीचा अपघात झाला की ड्रायव्हरकडे लायसन्स होतं का हे शिकाऊ बातमीदारही विचारतो.

बातमीदारांची अडचण मला कळते. सरकारी कर्मचाऱ्याला वर्तणूक नियम असतात, परवानगीशिवाय मीडियाशी बोललं की नोटीस येते, खासगीत तर नोकरीच जाते. जिल्ह्याच्या ठिकाणी एकच माणूस महापालिका, पोलीस, शेती आणि आरोग्य सांभाळतो, त्याला वॉर्डात जाऊन बसायला वेळ कुठून येणार. पण पोलिसांनाही नियम आहेत, तरी क्राइम रिपोर्टर रोज ‘सूत्रांनी सांगितलं’ म्हणून लिहितोच ना, कारण त्याने वर्षानुवर्षं चहा पिऊन ती ओळख जमवलेली असते. निवासी डॉक्टरांच्या मार्डचं म्हणणं प्रत्येक वेळी छापून येतं. मग निवृत्त मेट्रन (हॉस्पिटलच्या मुख्य नर्स) आहेत, नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्य आहेत, संघटनेच्या पदाधिकारी आहेत, यांना कुठला नियम आड येतो? नाव न छापता बोलणाऱ्याही खूप मिळतील. अडचण नियमाची कमी आणि सवयीची जास्त आहे, नर्सकडे माहिती असते हे डोक्यातच येत नाही.

हे सगळ्यात जास्त दिसतं संपाच्या वेळी. मे 2022 मध्ये राज्यातल्या सरकारी नर्सेसनी कंत्राटी भरतीच्या विरोधात बेमुदत संप केला. हेडलाइन ठरलेल्या, रुग्णांचे हाल, शस्त्रक्रिया खोळंबल्या. हाल झाले हे खरंच आहे आणि ते छापायलाच हवं, ऑपरेशनची तारीख पुढे गेलेल्या गरीब माणसाला संपाची कारणं सांगून काय उपयोग. पण त्याच्या आधीच्या हिवाळ्यात एसटीचा संप झाला तेव्हाही प्रवाशांचे हाल झालेच होते, तरी कंडक्टरच्या हातात महिन्याला किती पडतात हे आपल्याला पाठ झालं होतं, कारण बातमीदार आझाद मैदानात जाऊन त्यांच्याशी बोलले, पगाराच्या स्लिपा दाखवल्या. नर्सेसच्या संपात अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आलेली मुलगी आयसीयूचं काम शिकते आणि शिकून झाली की तिचं कंत्राट संपतं, याचा पेशंटवर काय परिणाम होतो, हा मुद्दा लोकांपर्यंत पोचला असता तर कदाचित पेशंटचे नातेवाईकच संपाच्या बाजूने उभे राहिले असते.

नर्सेसच्या संघटनांनाही माझं सांगणं आहे आणि ते आपलेपणाने आहे. प्रेसनोट पाठवता ती सत्काराची, दीपप्रज्वलनाची, मान्यवरांच्या उपस्थितीची. मग छापून येतो तोही सत्कारच. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी जिल्हा रुग्णालयाचा एक पानी तक्ता पाठवा, वॉर्डाचं नाव, मंजूर बेड, प्रत्यक्ष पेशंट, नर्सची मंजूर पदं, भरलेली पदं, रात्रपाळीला हजर किती, बंद पडलेल्या मशीन किती आणि कळवल्याची तारीख कोणती. माहिती अधिकारात यातलं बरंचसं मिळतं, म्हणजे कुणा कामावरच्या नर्सला नाव द्यायचीही गरज नाही. खाली बोलायला एक निवृत्त मेट्रन आणि तिचा फोन नंबर द्या. जिल्हा आवृत्तीच्या पहिल्या पानावर हा तक्ता लावायला माझ्या ओळखीचे काही उपसंपादक आजही तयार आहेत.